आजीच्या पासबुकातले दोनशे रुपये: जाहीर न होता झालेली कपात

रानवाट

नमस्कार. विषय गेले तीन महिने डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझी चुलत आजी ७६ वर्षांची आहे. श्रावणबाळ योजनेतून तिला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी मधला एखादा महिना येतच नाही. मागे तिचं पासबुक भरून आणायला बरोबर गेले, तेव्हा एकाच महिन्याच्या दोन नोंदी दिसल्या. एक १,३०० रुपयांची आणि एक २०० ची. "हे दोनशे कशाचे गं?" असं तिने विचारलं. मला सांगता आलं नाही. घरी येऊन शोधलं.

ते दोनशे केंद्र सरकारचे आहेत, राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा निराधार वृद्धाला केंद्राकडून महिन्याला ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये त्याचे २०० झाले. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचं नाव मिळालं आणि दारिद्र्यरेषेखालच्या सगळ्या वृद्धांना ती लागू झाली. २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आली आणि ऐंशी ओलांडलेल्यांना ५०० रुपये ठरले. आणि साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाचे २००? ते २००६ साली होते तेवढेच आजही आहेत. विधवांची आणि दिव्यांगांची रक्कम २०१२ मध्ये ३०० झाली, तीही तिथेच थांबली.

या काळात बाजारभाव तिपटीच्या आसपास गेले आहेत. म्हणजे आजीच्या हातात आज पडणारे दोनशे रुपये तेव्हाच्या सत्तरेक रुपयांएवढंच काम करतात. १९९५ मध्ये ७५ रुपयांनी जेवढं येत असे, त्याच्यापेक्षाही कमी.

मला जे म्हणायचं आहे ते हेच. कपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर योजना बंद झाल्याची बातमी येते, मोर्चा येतो, विधानसभेतला गोंधळ येतो. इथे यातलं काहीच झालं नाही. कुठल्याही मंत्र्याने "वृद्धांची पेन्शन दोन तृतीयांश कमी करतो" असं म्हटलं नाही. नुसता आकडा जागचा हलवला नाही, आणि काम झालं. केंद्राची या कार्यक्रमासाठीची एकूण तरतूद बघा. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात ९,६५२ कोटी, २०२४-२५ मध्ये ९,६५२ कोटी, २०२५-२६ मध्येही ९,६५२ कोटी. त्याच तीन वर्षांत केंद्राचा एकूण अर्थसंकल्प ३९.४५ लाख कोटींवरून ५०.६५ लाख कोटींवर गेला.

महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा निर्देशांक बघून ठरतो. खासदारांचं वेतन दर पाच वर्षांनी महागाईनुसार आपोआप वाढेल, अशी तरतूद २०१८ च्या वित्त कायद्याने केली आणि त्याप्रमाणे १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले. मला त्याबद्दल तक्रार नाही. महागाई सगळ्यांनाच असते. पण मग जिला दुसरं काहीच उत्पन्न नाही, तिलाच ती रीत का लागू नाही?

इथे सरकारी कामकाजाची माहिती असलेली मंडळी आहेत. कृपया लिहा.

जमाखर्च

रानवाट, धागा काढलात ते बरं केलंत. माझी बरीच वर्षं कोषागारात गेली. आतून कसं चालतं ते सांगतो.

तुम्ही रकमेबद्दल लिहिलंत. तिच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या. केंद्र या कार्यक्रमात देशभरात मिळून ३.०९ कोटी लाभार्थ्यांच्या पलीकडे पैसे देत नाही. प्रत्येक राज्याला त्यातला वाटा ठरवून दिलेला आहे. लोकसंख्या वाढली, म्हातारी माणसं वाढली, तरी तो आकडा तसाच. रक्कम गोठवली की माणसामागचा पैसा घटतो, इष्टांक गोठवला की नवा माणूस आतच येत नाही. दोन्ही मिळून ९,६५२ कोटी वर्षानुवर्षं पुरतात.

मग राहिलेल्यांचं काय? ते राज्याच्या गळ्यात. श्रावणबाळमध्ये गट अ आणि गट ब का आहेत ते यावरून कळेल. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असलेला माणूस गट अ मध्ये, त्याला केंद्राचे २०० आणि बाकीचे राज्याचे. यादीत नाव नाही पण उत्पन्न मर्यादेच्या आत आहे, तो गट ब मध्ये, त्याचे सगळे पैसे राज्याचे. केंद्राने हात आखडता घेतला की राज्याचा भार वाढतो, आणि राज्याची ओढाताण झाली की तुमच्या आजीचा महिना चुकतो.

महिना का चुकतो तेही सांगतो. अर्थसंकल्पात तरतूद असते, पण तरतूद म्हणजे रोकड नव्हे. वित्त विभाग टप्प्याटप्प्याने निधी सोडतो, तो बीडीएस या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर दिसला की मगच देयक निघतं. वर्षाच्या मध्यात वसुली कमी पडली की वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरचं व्याज थांबवता येत नाही. मग ज्याला थांबवता येतं ते थांबतं. निराधारांची यादी मोर्चा घेऊन येत नाही. मी स्वतः कितीदा लोकांना "अजून अनुदान आलेलं नाही" असं सांगून परत पाठवलं आहे. समोर उभा असलेला माणूस काठी टेकत एसटीने आलेला असायचा. ते चेहरे अजून आठवतात.

कोयना

जमाखर्च, धन्यवाद. हे सगळं कुठेही एका जागी वाचायला मिळत नाही.

इष्टांकाचं दुसरं उदाहरण रेशनचं. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. ग्रामीण भागात ७५ टक्के आणि शहरी भागात ५० टक्के लोकसंख्येपर्यंत धान्य, हे कायद्यातलं प्रमाण. पण टक्केवारी कशाची काढायची, तर शेवटच्या जनगणनेची. ती २०११ ची. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे ८१ कोटींच्या आसपासचा आकडा तिथेच राहिला. लोक वाढले, कार्डं वाढली नाहीत. नव्या सुनेचं नाव चढवायला गेलं की "इष्टांक शिल्लक नाही" हे उत्तर. कायदा जागेवर, योजना जागेवर, आणि तरीही माणूस बाहेर.

पायवाट

मी तालुक्याच्या गावी सेवा केंद्र चालवतो. दाखले, अर्ज, हयातीचे प्रमाणपत्र, ही रोजची कामं. रानवाट यांच्या आजीसारखी चार-पाच माणसं रोज माझ्या समोरच्या बाकावर असतात.

मला तिसऱ्या गोठलेल्या आकड्याबद्दल लिहायचं आहे. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ, दोन्हींसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे (दिव्यांगांसाठी ५०,०००). वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. पूर्ण कुटुंबाचे.

आता हे ताडून बघा. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये. घरातल्या एका माणसाने ६८ दिवस रोजगार हमीवर माती उपसली की कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या वर गेलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने १०० दिवसांच्या कामाची हमी दिली होती. म्हणजे सरकारने स्वतःच हमी दिलेलं काम पूर्ण केलं, तर सरकारच्याच दुसऱ्या खात्याच्या लेखी ते घर निराधार राहत नाही.

प्रत्यक्षात काय होतं? सगळ्यांचे दाखले २१,००० च्या आतले निघतात. तलाठ्यालाही माहीत आहे, अर्जदारालाही, मलाही. खरा आकडा लिहिला तर गावात एकही लाभार्थी उरणार नाही. पण यामुळे प्रत्येक निराधार माणूस कागदोपत्री खोटा ठरतो. उद्या कोणी पडताळणी काढली तर कोणाचंही नाव उडवता येतं. म्हातारीला हक्काने मिळायचं ते कुणाच्या तरी मेहेरबानीवर उभं राहतं. मला सर्वांत वाईट याचं वाटतं. माणसं माझ्या टेबलाशी येऊन आवाज खाली आणून उत्पन्न सांगतात.

स्पष्ट

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो. माझ्याबद्दल गैरसमज नसावा, माझी आईही वृद्ध आहे.

महाराष्ट्रावरचं कर्ज २०२५-२६ च्या अर्थसंकल्पाप्रमाणे ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणार आहे. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. हे कर्ज फेडणार कोण? आज शाळेत असलेली मुलं. प्रत्येक योजनेची रक्कम महागाईला बांधली तर दरवर्षी खर्च आपोआप वाढणार, आणि ज्या वर्षी दुष्काळ पडेल किंवा वसुली घटेल त्या वर्षीही वाढणार. सरकारच्या हातात मग काहीच राहणार नाही. शिवाय म्हाताऱ्यांची संख्या वाढतेच आहे. मग बाकी कशावर खर्च करायचा? रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने यांवरच ना? तेही गरिबांचेच आहेत.

माझा प्रश्न मनापासून आहे. पैसे कुठून?

रानवाट

स्पष्ट, प्रश्न योग्य आहे. आकडेमोड करून बघितली.

केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमध्ये साधारण २.२१ कोटी लाभार्थी आहेत. सोपं जावं म्हणून सगळ्यांचे २०० धरू. त्याचे १,००० केले तर माणशी महिन्याला ८०० जास्त, वर्षाला ९,६००. एकूण २१,२०० कोटींच्या आसपास. ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे, ०.४२ टक्के. आणि नुसती महागाई भरून काढायची, म्हणजे २०० चे ६०० करायचे, तर खर्च याच्या अर्धा.

केंद्राला हे माहीत नाही असंही नाही. संसदेच्या ग्रामविकास स्थायी समितीने ही रक्कम वाढवा असं वारंवार सांगितलं आहे. २०१७ च्या डिसेंबरमध्ये ज्याँ द्रेझ आणि इतर अर्थतज्ज्ञांनी मिळून अरुण जेटलींना पत्र लिहिलं, केंद्राचा वाटा निदान ५०० करा म्हणून. नंतर पुन्हा लिहिलं. काही हललं नाही.

"सरकारच्या हातात काही राहणार नाही" म्हणता, तर मला वाटतं की काही गोष्टी हातात राहूच नयेत. व्याज थांबवायचं सरकारच्या हातात नसतं. निराधाराचा महिना थांबवायचंही नसावं.

जमाखर्च

स्पष्ट यांच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मी मान्य करतो. राज्याची तूट खरी आहे. पण तूट आहे म्हणून कुणाचे पैसे आधी कापायचे, हा हिशेबाचा प्रश्न नाही, तो क्रम लावण्याचा प्रश्न आहे. आज तो क्रम कुणाचा आवाज मोठा यावर ठरतो. एवढं सोडलं तर तुम्ही मांडलेली काळजी मीही नोकरीत असताना रोज केली आहे.

दिवेलागण

मी रोज इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहिते आहे.

मला लाडकी बहीणचे १,५०० मिळतात. जुलै २०२४ पासून. त्या पैशांतून मी पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता मुलीच्या शाळेची वही घेतली. त्यामुळे त्या योजनेला कुणी भीक म्हटलं की मला राग येतो.

पण दुसरी गोष्टही सांगायला हवी. माझा धाकटा भाऊ मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात राहून शिकला. शिष्यवृत्ती दोन-दोन वर्षं मागे असायची, महाविद्यालय फी भरल्याशिवाय गुणपत्रक देत नव्हतं. आम्ही आईचं मंगळसूत्र गहाण टाकलं होतं. आणि २०२५ मध्ये वाचलं की लाडकी बहीणसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले. त्या वेळी सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी स्वतःच उघड नाराजी सांगितली होती.

त्या दिवसापासून खात्यात १,५०० जमा झाल्याचा मेसेज आला की मला भावाची आठवण येते. माझे पैसे कुणाच्या वसतिगृहातून आले असतील? मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, माझ्या मुलीला द्या, पण माझ्या भावाचं काढून नको. आमच्याच घरात एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलं आणि दोन्हीकडून मतं मागितली.

सांगाती

दिवेलागण, ताई, तुम्ही लिहीत राहा. हे आकड्यांमधून कधीच कळलं नसतं.

अनघड

दिवेलागण यांच्या मुद्द्याला कायद्याची बाजू आहे. अनुसूचित जाती आणि जमाती उपयोजनेचं मूळ तत्त्वच असं की लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढायचा, तो दुसरीकडे वळवायचा नाही आणि वर्ष संपलं म्हणून व्यपगत होऊ, म्हणजे न वापरता परत जाऊ द्यायचा नाही. पण हे मार्गदर्शक सूचनांमध्ये होतं आणि सूचना मोडली तर शिक्षा नाही. म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटक यांनी २०१३ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदे केले. कायदा केला म्हणजे सगळं सुटलं असं नाही. कर्नाटकातल्या कायद्यातही पळवाट ठेवणारं कलम होतं आणि ते काढून टाकायला २०२३ उजाडलं. तरी तिथे कलम दाखवून भांडता आलं. आपल्याकडे भांडायला शासन निर्णय आहेत, आणि शासन निर्णय दुसऱ्या शासन निर्णयाने बदलता येतो.

पेन्शनच्या बाबतीत राजस्थानचा २०२३ चा किमान उत्पन्न हमी कायदा बघण्यासारखा आहे. किमान पेन्शन १,००० आणि ती दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढणार, ५ टक्के जुलैत आणि १० टक्के जानेवारीत, हे थेट कायद्यात लिहिलं. निवडणुकीची वाट बघायची नाही, कुणी मंत्री उदार होण्याची वाट बघायची नाही. महाराष्ट्रात बघा, ६०० चे १,००० झाले, १,००० चे १,५०० झाले ते २०२३ मध्ये. वाढ झाली हे चांगलंच झालं. पण पुढची कधी, हे कुणालाच सांगता येणार नाही.

कोयना

कायद्यावरून आठवलं. आपल्याकडे हे आधी होऊन गेलेलं आहे आणि ते महाराष्ट्रानेच देशाला दाखवलं. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमी उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला २००५ मध्ये.

माझे वडील त्या दुष्काळात खडी फोडायला होते. ते म्हणायचे की तगाईच्या रांगेत मान खाली असायची, हजेरीपटावर नाव असलं की मान वर असायची. लहानपणी मला ते कळत नसे.

पण पागे यांच्या योजनेची जी गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे ती म्हणजे तिचा पैसा. त्यासाठी व्यवसाय कर बसवला. शहरात पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं, गावात कामाची हमी राहायची. आज तुम्ही पगाराची पावती उघडा, दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापलेला दिसेल. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००.

हा २,५०० चा आकडा घटनेतली कमाल मर्यादा आहे, कलम २७६ मध्ये. १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५० ची २,५०० झाली आणि तेव्हापासून तशीच आहे. १९८८ मध्ये महिन्याला २०० रुपये म्हणजे पगारातून जाणवणारी रक्कम होती. आज लाखभर पगार घेणाराही २०० देतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. स्पष्ट विचारत होते पैसे कुठून. एक उत्तर हे आहे. द्यायचे २०० गोठले, तसेच घ्यायचेही २०० गोठले. आजीच्या पासबुकातला आकडा आणि माझ्या पावतीवरचा आकडा एकच आहे, हे आज हा धागा वाचताना लक्षात आलं आणि थोडा वेळ काही सुचेना.

स्पष्ट

कोयना, हे मला खरंच माहीत नव्हतं. मी गेली अठरा वर्षं तो २०० चा रकाना बघतो आहे, तो कशासाठी सुरू झाला हे कधी विचारलं नाही. मी वर जे लिहिलं त्यातलं कर्जाबद्दलचं मत कायम आहे, पण "पैसे कुठून" याला उत्तरच नाही असं मी गृहीत धरलं होतं, ते चुकलं. महिन्याला ४०० कापले तर मला फरक पडणार नाही. ते निराधारांच्याच खात्यावर जातील, दुसरीकडे वळणार नाहीत, एवढी खात्री मात्र हवी.

जमाखर्च

ती खात्री अनघड म्हणतात त्या कायद्याशिवाय मिळणार नाही. मी लेखाशीर्षं, म्हणजे पैसा कशासाठी आहे ते सांगणारी हिशेबातली शीर्षकं, बदललेली बघितली आहेत.

सांगाती

माझ्या भावाबद्दल लिहिते. तो ३४ वर्षांचा आहे, ७० टक्के दिव्यांग. केंद्राची दिव्यांग पेन्शन ८० टक्क्यांच्या पुढे मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्वाची पायरी ४० टक्के धरली आहे. म्हणजे एका कायद्याच्या लेखी तो दिव्यांग आहे आणि दुसऱ्या योजनेच्या लेखी पुरेसा दिव्यांग नाही. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे की सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त रक्कम मिळावी. केंद्राचे ३०० रुपये २०१२ चे, कायद्याच्याही आधीचे.

राज्याने २०२५ मध्ये दिव्यांगांची रक्कम २,५०० केली, त्याने आमच्या घरात फरक पडला. भावाची फिजिओथेरपी आठवड्यातून एकदा तरी पुन्हा सुरू झाली. पण दरवर्षी उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला. त्याच्या बोटांना पीळ आहे, अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नाही. एकदा सात महिने पैसे बंद होते. कार्यालयात सांगितलं, "आधार जुळत नाही, तो जिवंत असल्याचं सिद्ध करा." तो माझ्या शेजारी खुर्चीत बसलेला होता.

सात महिन्यांचे पैसे नंतर मिळाले नाहीत. ती कपात कुठल्या अर्थसंकल्पात दाखवतात?

पायवाट

सांगाती, वाचून फार वाईट वाटलं. माझ्याकडे हे नेहमी येतं. शेतमजुरांचे, विडी वळणाऱ्या बायकांचे, धुणी-भांडी करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात. आयुष्यभर कष्ट केले म्हणून ठसा नाही, आणि ठसा नाही म्हणून पेन्शन नाही.

दोन गोष्टी करून बघा. ठशाऐवजी चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे, ती मागा. आणि बंद काळातल्या रकमेसाठी तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोचेवर तारीख आणि शिक्का बघून घ्या. तोंडी विचारणा केल्याची नोंद कुठेच राहत नाही. महिन्याभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात एवढंच विचारा की माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली. अर्ज लिहून हवा असेल तर मी लिहून देतो, त्याचे पैसे घेणार नाही.

सांगाती

नक्की करते. पोच घेतली नव्हती, तिथेच चूक झाली.

अनघड

पायवाट यांनी वर लिहिलेला ६८ दिवसांचा हिशेब मला पूर्ण धाग्यातला सगळ्यात बोलका वाटला. आमदारांना लिहायचं असेल तर तोच लिहावा. एका वाक्यात समजतो आणि त्याला उत्तर देता येत नाही.

दिवेलागण

आमदारांना लिहिण्याआधी ग्रामसभेत ठराव करता येईल का? आमच्याकडे ग्रामसभेला बायका आता बऱ्यापैकी येतात.

जमाखर्च

करता येतो. ग्रामसभेचा ठराव सरकारवर बंधनकारक नसतो, पण तो तहसीलदारांमार्फत वर गेला की त्याला जावक क्रमांक मिळतो, आणि जावक क्रमांक मिळालेला कागद फाइलीत राहतो. एका गावाचा कागद कुणी बघत नाही. एकाच मजकुराचे तालुक्यातल्या चाळीस गावांचे आले तर टिप्पणी लिहावी लागते. टिप्पणी लिहिणारा मीही होतो.

रानवाट

मसुदा करून टाकते आहे. सुधारणा सुचवा.

"ही ग्रामसभा ठराव करते की, (१) राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातील केंद्राची वृद्धापकाळ, विधवा व दिव्यांग निवृत्तिवेतनाची रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडून दरवर्षी वाढवावी, (२) संजय गांधी निराधार अनुदान व श्रावणबाळ योजनेची २१,००० रुपयांची उत्पन्नमर्यादा निदान रोजगार हमीच्या १०० दिवसांच्या मजुरीच्या वर न्यावी, (३) लाभार्थ्याचे अनुदान बंद करण्यापूर्वी त्यास लेखी नोटीस द्यावी व गावात येऊन पडताळणी करावी, (४) अनुसूचित जाती व जमाती उपयोजनेचा निधी अन्य कारणासाठी वळवू नये, यासाठी राज्याने कायदा करावा."

आजीला वाचून दाखवला. पहिला मुद्दा तिने दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, "महिना चुकू नये हेही घाल."

पायवाट

आजींचं बरोबर आहे. पाचवा मुद्दा घाला: "दर महिन्याच्या ठरावीक तारखेस रक्कम जमा करावी व विलंब झाल्यास त्याचे कारण ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे." दुसऱ्या मुद्द्यात 'कुटुंबाचे' हा शब्द टाका, नाहीतर वैयक्तिक उत्पन्न असा अर्थ काढतील. २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी मी आमच्या भागातल्या बारा ग्रामपंचायतींना छापील प्रती देऊ शकतो.

दिवेलागण

आमच्या गावची मी देते. सूचक मी राहते, अनुमोदक माझ्या सासूबाई.

सांगाती

तिसऱ्या मुद्द्यात "ठसा न जुळणे हे अनुदान बंद करण्याचे कारण धरू नये" एवढं वाढवाल का?

रानवाट

वाढवलं. 'कुटुंबाचे' टाकलं, पाचवा मुद्दाही घातला. रात्री पूर्ण मसुदा पुन्हा टाकते.